चंद्रकोर शेपटीच्या माशाचे घर शोधणारे पुंगळे सर

प्राध्यापक लक्ष्मणराव पुंगळे सरांची आणि माझी पहिली भेट भोकरदनहून जालन्याला जाणाऱ्या एसटीत झाली. बारावीचा निकाल लागला होता. वडील मला महाविद्यालयात प्रवेश घ्यायला घेऊन निघाले होते. केदारखेड्याच्या थांब्यावर आम्ही चढलो तेव्हा तिघांच्या बाकावर एकच गृहस्थ बसले होते आणि त्यांनी मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक मोठी बरणी धरली होती. ते आमच्यासाठी खिडकीकडे सरकले. सरकताना टॉवेल घसरला आणि बरणीतला हातभर मासा माझ्याकडे बघू लागला.

वडिलांनी आयुष्यभर कापूस आणि मका पिकवला. त्यांनी नदीतले मासे पाहिले होते, पण असा नाही. त्यांनी विचारले, "तुमी हे कुठून आणलं?"

"मालवणहून. भोकरदनच्या शाळेत पोरांना दाखवायला नेला होता."

"खायचा हाय का?"

"न्हाई. वळखायचा."

वडिलांनी बरणीकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. मग म्हणाले, "वळखून काय भेटतं?"

त्या गृहस्थांना हा प्रश्न मुळीच लागला नाही. उलट ते खुलले. "नाव भेटतं. अन् नाव भेटलं की मंग ह्याचं घर कुठं, हा काय खातो, कोणाला भितो, हे सगळं विचारता येतं. नावच न्हाई तर काय विचारता?"

राजूरपासून जालन्यापर्यंत ते वडिलांना त्या माशाविषयी सांगत होते आणि वडील ऐकत होते. बसमधून उतरताना वडिलांनी मला विचारले, "हे गुरुजी ज्या कॉलेजात हायेत तिथंच जायचं ना आपल्याला?" तेच महाविद्यालय होते. प्राणिशास्त्र हा विषय मी घेतला तो असा, एका एसटीच्या बाकावर.

सरांचा जन्म जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीचा. घरची शेती. लहानपणी विहिरीत पोहायला शिकले, त्यापलीकडे पाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी.च्या सहलीत. रत्नागिरीच्या बंदरावर एका कोळ्याने टोपली उपडी केली आणि विकायचे मासे निवडून उरलेले बाजूला फेकले. त्या फेकलेल्यांत एक हिरवा मासा होता, शेपटीला पिवळी चंद्रकोर असलेला. सरांनी बरोबरच्या प्राध्यापकांना नाव विचारले, त्यांना सांगता आले नाही. कोळ्याला विचारले, तो म्हणाला, ह्याला गिऱ्हाईक नाही. सरांनी तो मासा रुमालात बांधून घेतला. त्या मासळीच्या वासापायी सगळी मुले परतीच्या प्रवासात त्यांच्यापासून लांब बसली होती, हे सर आजही हसत सांगतात.

तो मासा ज्या कुळातला, त्याला इंग्रजीत रॅस म्हणतात. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांवर राहणारे, जाड ओठांचे, पुढचे दात बाहेर आलेले, रंगांनी माखलेले मासे. आपल्या किनाऱ्यावर बंदरागणिक त्यांची नावे बदलतात, त्यामुळे सरांनी वर्गापुरते त्यांना 'ओठाळ' म्हणायला सुरुवात केली आणि चंद्रकोर शेपटीच्या त्या माशाला नुसते 'चंद्रकोर'. ज्या जिल्ह्यातून समुद्र गाठायला रात्रभर प्रवास करावा लागतो, त्या जिल्ह्यात बसून सरांनी तीस वर्षे ओठाळ माशांचा अभ्यास केला. दिवाळीची सुट्टी लागली की ते कोकणात जात आणि कोळ्यांनी टाकून दिलेले मासे बरण्यांत घालून आणत. जवळ जाड पुस्तके दोनच होती, बाकी सगळ्या झेरॉक्स. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली एक लांब फळी हळूहळू बरण्यांनी भरत गेली.

त्यांच्या शिकवण्याविषयी त्यांचे विद्यार्थी या गौरवग्रंथात पुष्कळ लिहितील. मी एकच प्रसंग सांगते. प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावर मासे मांडलेले असत आणि आम्ही नावे लिहीत पुढे सरकायचे. माझ्या वर्गात हसनाबादची एक मुलगी होती, अतिशय भित्री. तिने एका माशापुढे लिहिले, 'नाव माहीत नाही. ओठ जाड आहेत. पाठीवर एकच लांब पर आहे, मध्ये तुटलेला नाही. खवले मोठे आहेत.' आपण नापास होणार म्हणून ती बाहेर येऊन रडली. सरांनी तिला त्या प्रश्नाला पूर्ण गुण दिले आणि तिची उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवली. ज्यांनी नाव बरोबर लिहिले होते पण पुढे काहीच लिहिले नव्हते, त्यांना निम्मेच मिळाले. मी त्या निम्म्यांत होते.

आता मी जे लिहिणार आहे ते सरांच्या सांगण्यावरून. गौरवग्रंथ निघतो आहे हे कळल्यावर त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, "वंदना, नुसतं चांगलं चांगलं लिहू नको. ठिपक्याचं लिही." त्यामुळे लिहिते.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होते. विषय होता किनाऱ्यावरचे ओठाळ मासे आणि त्यांची राहण्याची ठिकाणे. सरांनी मालवणच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून बोटभर लांबीचे काही मासे आणले होते. पाठीवरच्या परावर मधोमध एक काळा ठिपका आणि शेपटीच्या मुळाशी एक काळसर डाग. फॉर्मालिनमध्ये त्यांचा रंग उडून गेला होता, ठिपके तेवढे उरले होते. सरांनी ती निराळी जात ठरवली. आमच्यात तिचे नाव 'ठिपक्या' पडले. आपल्या किनाऱ्यावर ही जात पहिल्यांदाच सापडते आहे, असा सरांचा लेख एका संशोधनपत्रिकेत छापून आला आणि त्याचे कौतुकही झाले. माझा प्रबंध त्याच लेखावर उभा होता. त्यात मी दाखवले होते की ठिपक्या किनाऱ्याजवळच्या शेवाळात आणि दगडगोट्यांत राहतो, तर चंद्रकोर बाहेरच्या खोल खडकांवर. दोन जातींनी समुद्र आपसांत वाटून घेतला आहे. प्रबंध टाइप होऊन तयार होता. एका महाविद्यालयात जागा निघाली होती आणि पदवी हातात आली तर ती मला मिळण्यासारखी होती.

प्रबंध सादर करायच्या पंधरा दिवस आधी सरांच्या पत्नी, आमच्या कमलकाकू, सरांचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आल्या. काकूंचे माहेर मेंढपाळाचे. शाळा त्यांनी चौथीपर्यंत पाहिली. पण जनावराच्या बाबतीत त्यांची नजर पक्की. टेबलावर ठिपक्याची आणि चंद्रकोरची अशा दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. काकूंनी वाकून पाहिले आणि सहज म्हणाल्या, "ही बारकी ह्या मोठ्याचीच पिल्लं दिसून राह्यली."

सर हसले. "अगं, ह्याला ठिपका हाय. त्याला कुठं हाय?"

"मंग काय झालं? आमच्या घरी कोकरं जन्मायची तव्हा कोणाच्या कपाळाला टिक्का, कोणाच्या पायाला. मोठी झाली की बिलकुल दिसायचा न्हाई. तोंड बघा ना, एकच हाय."

काकू डबा ठेवून गेल्या. सर जेवले नाहीत. त्यांनी ठिपक्याची बरणी उघडली, एक मासा ताटलीत घेतला आणि भिंग लावून पाठीवरच्या पराचे काटे मोजू लागले. ओठाळ माशांत हे काटे फार महत्त्वाचे. चंद्रकोर ज्या गटात येतो त्यात ते आठ असतात. ठिपक्याला आम्ही ज्या गटात घातले होते त्यात नऊ. सरांनी एक मासा मोजला, दुसरा मोजला, तिसरा मोजला. मग भिंग माझ्याकडे दिले.

आठच काटे होते. नववा म्हणून जो धरला होता तो काटा नव्हता, काट्यांच्या मागे पराला आधार देणारा मऊ किरण होता, फॉर्मालिनने ताठ झालेला.

"तुझ्या वहीत किती लिहिलेत?" सरांनी विचारले.

"नऊ."

"सगळ्यांचे?"

"हो."

"तू स्वतः मोजले होतेस?"

मी खोटे बोलू शकले असते. पण सरांचा आवाज इतका शांत होता की खोटे बोलणे सुचले नाही. मी म्हणाले, "पहिल्या दोघांचे मोजले. तेव्हा मला आठच वाटले होते सर. पण तुम्ही लेखात नऊ लिहिले होते, म्हणून वाटले माझंच चुकतंय. मग बाकीचे न मोजता नऊ लिहिले."

आता सर रागावतील म्हणून मी मान खाली घातली. सरांनी माझ्या हातातले भिंग घेऊन टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे चूक माझीच झाली. तुला मोजायला शिकवलं, पण माझ्यावर शंका घ्यायला न्हाई शिकवलं." आणि मग त्यांनी डबा उघडला.

सरांना निवृत्त व्हायला तेव्हा दोन-तीन वर्षे उरली होती. तो लेख तसाच राहिला असता तर जालन्यात बसून त्याला कोण आव्हान देणार होते? एका सहकाऱ्यांनी तसे सुचवलेही, की मुलीचा प्रबंध जाऊ द्या पुढे, मग बघू. सरांनी दुसऱ्या दिवशी संशोधनपत्रिकेच्या संपादकांना पत्र लिहिले. पत्र टपालात टाकण्याआधी त्यांनी ते मला वाचायला दिले. त्यात लिहिले होते की ओळख चुकली आहे, ती सरांकडून चुकली आहे आणि त्यांच्या विद्यार्थिनीने आठ काटे बरोबर मोजले होते. मी न मोजता नऊ लिहिल्याचा उल्लेख त्यात नव्हता. मी म्हणाले, "सर, माझी चूकसुद्धा लिहा." ते म्हणाले, "ती तू लिही. घाई न्हाई." ती मी आज लिहिली.

पण नुसते पत्र लिहून भागणार नव्हते. ठिपक्या हे चंद्रकोरचे पिल्लू असेल तर मधल्या वयाचा मासा कुठेतरी असायला हवा, ज्याच्या अंगावर ठिपकाही आहे आणि शेपटीला कोरही फुटते आहे. तो आमच्या एकाही बरणीत नव्हता. तो शोधायला समुद्रावर जावे लागणार होते, आणि या वेळी मलाही.

माझे वडील सरांना मानत होते. तरीही लग्नाच्या वयाची मुलगी समुद्रावर, होडीत, अनोळखी माणसांत, याला ते तयार होईनात. त्या रविवारी सर आणि काकू केदारखेड्याला आमच्या घरी आले. सरांनी बोलायला सुरुवात केली, पण वडील जमिनीकडे बघत राहिले. तेव्हा काकू म्हणाल्या, "दादा, मी बी चालले संग. मी बी समिंदर कव्हा पाह्यला न्हाई. तुमची पोरगी माझ्या नजरेम्होरं राहीन. पाण्यात उतरली तर मी काठाला उभी राहीन."

वडील म्हणाले, "तुमाला पवता येतं का?"

"न्हाई. पण वरडता येतं."

वडील हसले आणि आईने चहा टाकला. अशी माझी परवानगी मिळाली.

मालवणचे ते आठ दिवस मला आयुष्यभर पुरतील. सर पन्नाशी केव्हाच ओलांडलेले, विहिरीत पोहलेले. तोंडाला काचेचा चष्मा आणि श्वासाची नळी लावून ते होडीतून पाण्यात उतरले तेव्हा होडीवाले तात्या वाकून धास्तीने बघू लागले. सर पाण्यावर पालथे पडून खाली बघत राहिले. इतका वेळ ते हलले नाहीत की तात्यांनी मला विचारले, "बरे आसत मां सर?"

सरांनी डोके वर काढले. चष्म्याच्या आत पाणी होते. ते खारे पाणी आत शिरले होते की डोळ्यांतले, मी विचारले नाही. ते म्हणाले, "वंदना, तो शेपूट हालवतच न्हाई. दोन बाजूंचे पर वल्ह्यासारखे मारून राह्यला. पाखरू उडतं तसा." तीस वर्षे त्यांनी मेलेले ओठाळ हाताळले होते, त्यांचे खवले आणि काटे मोजले होते. जिवंत चंद्रकोर, त्याच्या स्वतःच्या खडकावर, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मीही उतरले. प्रवाळाने झाकलेल्या खडकाच्या कडेने ते हिरवे-निळे मासे प्रवाहाच्या तोंडाशी ये-जा करत होते आणि प्रत्येकाच्या शेपटीला ती पिवळी कोर होती. होडीत बसलेले तात्या सांगत होते, "ह्यो मासो रातचो निजता, सर. खडकाच्या फटीत जाऊन गप पडान रवता." सरांनी ओल्या हातानेच ते वहीत लिहून घेतले.

खोल खडकांवर मोठे मासे भरपूर होते, मधल्या वयाचा मात्र सापडेना. किनाऱ्यालगत शेवाळात बोटभर लांबीचे ठिपकेवाले होते. सात दिवस गेले. आठव्या दिवशी सकाळी ओहोटीला आम्ही शेवटचे म्हणून किनाऱ्यावरच्या खडकांत गेलो. सर आणि मी एका बाजूला शोधत होतो. काकू लुगड्याचा काष्टा आवळून एका डबक्याशी बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "अहो, जल्दी या इकडं."

डबक्यात हाताच्या वितीपेक्षा थोडा लहान एक मासा फिरत होता. काकूंनी हातजाळी आधीच पाण्यात धरून ठेवली होती, मेंढरू कोंडायला दार धरावे तशी. एका हाताने त्यांनी पाणी हलवले आणि मासा आपणहून जाळीत आला. आम्ही त्याला समुद्राच्या पाण्याच्या बरणीत सोडले. पाठीच्या परावर ठिपका होता, फिकट, पुसत चाललेला. आणि शेपटीला पिवळी कोर उमटत होती. त्याने पर उभारला तेव्हा सरांनी भिंग लावून काटे मोजले आणि काही न सांगता भिंग मला दिले. मी तीन वेळा मोजले. आठ.

"आठ," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. तुम्ही नऊ म्हणालात तरी आठच."

सर त्या खडकावर बसून मोठ्याने हसले. काकूंना कळेना, काय झाले. मी तीन बाजूंनी फोटो घेतले. मला वाटले होते की आता हा मासा बरणीत आमच्याबरोबर जालन्याला येणार. सरांनी तो पुन्हा डबक्यात सोडला. म्हणाले, "फोटो पुरेत. तो निघालाय मोठ्या खडकाकडं, त्याला जाऊ द्या."

माझा प्रबंध एक वर्ष उशिरा पूर्ण झाला. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तेव्हा वाईट वाटले, ते लपवत नाही. पण नव्या प्रबंधात सांगण्यासारखे काही तरी खरे होते. दोन जातींनी समुद्र वाटून घेतलेला नव्हता. एकच मासा वयाप्रमाणे घर बदलत होता. लहानपणी काठच्या शेवाळात लपून राहायचे, ठिपका पुसला की बाहेर सरकायचे आणि मोठेपणी प्रवाळाच्या खडकावर प्रवाहात राहायचे. म्हणजे काठचे शेवाळ आणि दगडगोटे उद्ध्वस्त झाले तर बाहेरच्या खडकावरचे चंद्रकोरही संपतील, हे त्यातून आपोआप निघाले. तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक याच मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ बोलले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सर्वांत आधी काकूंचे नाव आहे. ते वाचून काकू म्हणाल्या होत्या, "माझं कशाला? मी तर नुसतं तोंड पाह्यलं." पुढच्या वर्षी मला नोकरी मिळाली. आज मी स्वतः मार्गदर्शक आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांनी माझे आकडे खोडून दाखवले की त्यांना चहा पाजते.

निवृत्तीनंतर सर टेंभुर्णीला राहायला गेले. ऊस, मोसंबी असे त्यांनी काही लावले नाही. घराच्या पुढच्या खोलीत बरण्यांची फळी लावली आणि जाफराबाद, भोकरदन तालुक्यांतल्या शाळांमधून मुलांना घेऊन येणाऱ्या शिक्षकांसाठी दार उघडे ठेवले. मुले आली की काकू त्यांना आधी शेंगदाण्याचे लाडू देतात आणि मग सर बरण्या देतात. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही अशी किती तरी मुले आज काटे मोजू शकतात. त्यांतली दोन मुले पुढे सागरी जीवशास्त्राकडे गेली. त्यांतला एक लक्षद्वीपला काम करतो.

त्या लक्षद्वीपच्या विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात सरांना एका ओठाळ माशाचे फोटो पाठवले आहेत. लालसर अंग, डोळ्यामागे दोन निळ्या रेघा. सरांना तो ओळखता आलेला नाही. मी परवा टेंभुर्णीला गेले तेव्हा फोटो टेबलावर पसरलेले होते आणि सर चष्म्यावर भिंग धरून बसले होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, गुडघा दुखतो, पण आवाज तसाच ठणठणीत आहे. मी विचारले, "सर, किती दिवस लागतील?"

"हे पिल्लू हाय की मोठा, तेच कळंना. नर हाय का मादी, तेही पाहावं लागंल. दोन वर्षं तरी लागतील," ते म्हणाले.

काकू आतून म्हणाल्या, "दोन म्हणून राह्यले. पाच धरा."

सरांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने मी काकूंचा अंदाज खरा मानते. ती पाच वर्षे सरांनी आणि काकूंनी निरोगी आणि आनंदी राहून, एकमेकांशी वाद घालत, त्या माशाच्या शोधात घालवावीत, एवढेच आमचे मागणे आहे. त्याचे नाव सापडले की लगेच दुसरा अवघड मासा टेंभुर्णीला पोचवण्याची जबाबदारी आमची.